मादन हिप्परग्याला मी बाकडं बघायला गेलो

मुलीच्या वडिलांना मी चहाच्या पहिल्या घोटालाच सांगून टाकलं, की मुलगा या सीझनमध्ये एकदाही खेळलेला नाही.

दुसऱ्या घोटाला माझ्या लक्षात आलं, की नेमकं हेच न सांगण्यासाठी मला कोल्हापुराहून एवढ्या लांब बोलावलं होतं.

आता सगळं मुळापासून सांगतो. मी कोल्हापूरचा, शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नाही, पेठापेठांतलं वैर आहे. ते चेंडू घेऊन फेडतात. मी स्वतः कधी चेंडूला धड लाथ मारलेली नाही, पण आयुष्यभर गॅलरीत बसून रेफरींच्या घराण्यांचा उद्धार केला आहे, आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला जाणकार समजतो. मिलिंद आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचा. कर्नाटकातल्या आळंद तालुक्याच्या मादन हिप्परग्याचा हा उंच, कमी बोलणारा मुलगा एका तालमीच्या संघात गोलकीपर म्हणून आला, सराव करता करता आमच्या गच्चीवरच्या कुंड्या फोडल्या, आणि एके दिवशी देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबने त्याला उचललं. तिथं तो दुसरा गोलकीपर झाला. दुसरा गोलकीपर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिला पडेपर्यंत दुसऱ्याने बाकावर बसायचं. आणि पहिले सहसा पडत नाहीत. पावसाळा सरता सरता लीग सुरू झाली, थंडी येऊन गेली, उन्हाळा लागला, मिलिंद बसलेलाच.

अशात त्याचा फोन आला. उमरग्याची एक मुलगी सांगून आली होती. सुजाता नाव, दवाखान्यात नर्स. दोघं फोनवर बोलत होती आणि एकमेकांना पसंत होती. अडलं होतं ते मुलीच्या वडिलांपाशी. त्या भागात सोयरीक जुळवताना मुलीकडचे लोक घर बघतात, शेत बघतात, आणि मुलगा नोकरीला असेल तर त्याच्या कामावर जाऊन येतात. मास्तर असेल तर वर्गाच्या खिडकीतून डोकावतात. ड्रायव्हर असेल तर तिकीट काढून त्याच्याच गाडीत बसतात. मिलिंदचं काम टीव्हीवर चालतं, म्हणून पाव्हणे सीझनची शेवटची मॅच टीव्हीवर बघायला येणार होते.

"काका, घरात कुणाला खेळ सांगता येत न्हाई," मिलिंद म्हणाला. "तुमी नुसतं जाऊन बसा तिथं. जरा चांगलं बोला."

बसण्याबद्दल त्याला अधिकाराने बोलता येत होतं. घोटाळा बोलण्यात झाला.

आळंद

सोलापूर, अक्कलकोट करत आळंदला उतरलो तेव्हा ऊन टाळूवर होतं. बाजारात तुरीचा वास भरलेला. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत चहाच्या गाड्यावर गेलो. गाडेवाला एका गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होता, दुसऱ्याशी दखनीत, आणि उकळत्या चहाला मराठीत शिव्या घालत होता. मी निघण्याआधी घरी कानडी वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एक त्याला म्हणून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठलं गाव म्हनायचं तुमचं?" त्याने विचारलं.

मी कोल्हापूर म्हणालो. "मग मराठीत बोला की," तो म्हणाला, "कामून तरास करून घ्यायलाव." त्यानंतर परत येईपर्यंत मी कानडीच्या वाटेला गेलो नाही.

पुढची बस कर्नाटक सरकारची. तिकडे बायकांना बसमध्ये तिकिटाचे पैसे नाहीत, आणि बस पार मागच्या दारापर्यंत बायकांनी भरलेली. कंडक्टर बाई-माणसांतून पुढे पुढे येत गेला, कुणाकडे पैसे मागेना, आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबला. माझ्या शेजारी एका आजींचा बोकड होता, त्याचंही तिकीट फाडलं. आख्ख्या बसमध्ये पैसे भरून प्रवास करणारे आम्ही दोघेच. गावाला पोचेपर्यंत तो माझ्या पिशवीचा बंद चघळत होता आणि मी त्याला काही बोललो नाही. आमचं एक नातं झालं होतं.

मादन हिप्परगा

मिलिंदचे वडील फाट्यावर उभे होते. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. काळेसावळे, सडपातळ, मुलाला उंची कुणाकडून आली ते दिसत होतं. मी नमस्कार म्हणालो, ते जयभीम म्हणाले, आणि माझी पिशवी माझ्या हातून काढून घेऊन पुढे चालू लागले. घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण, अंगणात लिंब. ओसरीत तुरीची पोती छातीएवढी लावून ठेवलेली. भाव चढेल म्हणून थांबलोय, असं अप्पा म्हणाले.

घरचा कारभार मात्र अक्काच्या हातात. अक्का म्हणजे मिलिंदची थोरली बहीण. गावातच दिलेली, शिवणकाम करते, आणि भावाच्या लग्नापुरती माहेरी येऊन बसलेली. तिने वाढलेलं जेवण अजून आठवतं. ज्वारीची कडक भाकरी, तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, त्यावर कच्चं तेल, शेंगाची चटणी, मसाला भरलेली वांगी. कोल्हापूरचा माणूस म्हणून मी ऐटीत तिखट मागितलं. तिने ठेचा वाढला. पुढचा काही वेळ मी बोलू शकलो नाही. तो वेळ वाढवता आला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

जीभ ताळ्यावर आल्यावर मी घरच्यांना फुटबॉल शिकवायला बसलो. ताट म्हणजे मैदान, वाटी म्हणजे गोल, कांद्याच्या फोडी म्हणजे खेळाडू. ऑफसाईड समजावताना वरण सांडलं. शेजारपाजारचे लोकही येऊन बसले होते. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं, आणि शेवटी अक्काने विचारलं, "ते सगळं बरं हाय सर, पन उद्याच्या मैदानात बाकडं कुठल्या अंगाला हाय, तेवढं सांगा की."

मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

मग हळूहळू उलगडा झाला. या लोकांनी लीगची जवळपास प्रत्येक मॅच बघितली होती, आणि एकाही मॅचमध्ये चेंडू बघितला नव्हता. ते बाकडं बघत होते. काही मैदानांवर राखीव खेळाडूंचं बाकडं कॅमेऱ्याच्या समोर येतं, काहींवर कॅमेऱ्याच्या खाली जातं आणि दिसत नाही. हिप्परग्यात त्यावरूनच मैदानांची प्रतवारी ठरली होती. जिथं बाकडं दिसतं ते मैदान चांगलं. जिथं दिसत नाही तिथली मॅच त्यांच्या संघाने चार गोलांनी जिंकली तरी वाया गेली. टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे, कारण बोलणारा माणूस सारखा चेंडूबद्दलच बोलतो. मिलिंद कुठे बसतो, मांडीवर हात कसे ठेवतो, कुणाच्या कानात काय सांगतो, आज त्याला झोप कमी झालेली दिसते, हे सगळं अंगणातल्या बायासुद्धा सांगू शकत होत्या. कोल्हापुरात आम्ही मॅच संपल्यावर कोण जिंकलं यावरून डोकी फोडतो. इथं मॅच संपल्यावर विचारायचे, आज किती दिसला?

पाव्हणे

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला खाल्ला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, बरोबर मिरचीची भजी. मॅच संध्याकाळी पाचची. दुपारी जीपमधून पाव्हणे उतरले. मुलीचे वडील वामनराव आणि भावकीतले दोघं. ते दोघं शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, म्हणून त्यांना इथेच सोडतो. वामनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. समोरच्याकडे बघताना डोळे अजून असे, की खिशातलं तिकीट काढून दाखवावंसं वाटावं.

चहा आला. अप्पांनी माझी ओळख मोठे जाणकार म्हणून करून दिली. मी खुललो. वामनरावांनी सहज विचारलं, की आतापर्यंत मुलगा किती मॅच खेळला. आणि माझ्यातला जाणकार बोलून गेला: एकही नाही.

मला त्यापुढे बरंच बोलायचं होतं. राखीव गोलकीपर हा संघाचा विमा असतो वगैरे. पण वामनराव मध्येच म्हणाले, "मग करतो काय तिथं?"

"बसतो," मी म्हणालो.

अप्पा पत्र्याकडे बघायला लागले. दारात उभ्या अक्काने माझ्याकडे जे बघितलं त्याचं चित्र मला काढता येईल, पण वर्गात लावता येणार नाही.

वामनरावांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "सर, माझी पोरगी नर्स हाय. बारा-बारा तास उभ्यानं काम करती. बसून खानारा जावई मला नको."

मामला असा एका शब्दात येऊन ठेपला. मुलगी हो म्हणत होती, मुलगा हो म्हणत होता, आणि मधे मी 'बसतो' हा शब्द आडवा टाकून ठेवला होता. मी घाईघाईने दुरुस्तीला लागलो. म्हणालो, आजची गोष्ट वेगळी आहे. शेवटची मॅच, संघ ना वर जाणार ना खाली येणार, अशा मॅचला कोच दुसऱ्यांना संधी देतात. आज मिलिंद शंभर टक्के उतरणार. ही माझी जबाबदारी.

अक्का आत गेली आणि भांडी जरा जोरात वाजली.

पाचची मॅच

पाचला ऊन थेट अंगणात येतं आणि पडद्यावर काही दिसत नाही. म्हणून टीव्ही ओसरीच्या कडेला ठेवून दोन्ही बाजूंनी तुरीच्या पोत्यांची भिंत रचली होती आणि वरून वाकळ टाकली होती. टीव्ही एखाद्या बिळात बसल्यासारखा दिसत होता. अंगण भरलं. वामनरावांना पुढची खुर्ची.

संघाची यादी पडद्यावर आली. मिलिंद राखीव. वामनरावांनी पडद्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मी पोत्यावरचा टाका तपासू लागलो.

बाकडं मात्र दिसत होतं. समोरच्या अंगाला, लख्ख. अंगण खूश झालं. वामनरावही नाइलाजाने तिकडेच बघत बसले. बाकी कुणी दुसरीकडे बघतच नव्हतं.

पहिल्या हाफच्या मध्यावर उन्हामुळे पाण्यासाठी खेळ थांबला. बाकड्यावरून मिलिंद उठला आणि दोन्ही हातांत बाटल्या घेऊन लाईनीकडे निघाला. आमच्याकडे पाणी देणारा म्हणजे संघातला सगळ्यात बिनकामाचा माणूस. त्याची टिंगल पोरं वर्षभर करतात. बसतो हे मी सांगितलंच होतं, आता पाणी भरतो हे पाव्हण्यांनी डोळ्यांनी बघायचं. मी उठलो, आळस देण्याचं निमित्त केलं, आणि हात पसरून टीव्हीच्या समोर उभा राहिलो.

"दार सोडा, आत सरका," वामनराव म्हणाले. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती.

पण खरा आवाज मागून अप्पांचा आला. "ओ सर, बघायचं तेच झाकायलाव की."

मी बाजूला झालो. अप्पा पुढे येऊन पडद्यापाशी उकिडवे बसले. मिलिंद एकेकाला बाटली देत होता. गोरा परदेशी खेळाडू, बंगाली, पंजाबी, कोण कुठला. बाटली घेत होते, तोंडाला लावत होते, परत त्याच्या हातात देत होते. अप्पा बोट दाखवत होते.

"बघा पाव्हनं. तेच्या हातचं सगळे पितेत," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझ्या बापाला हॉटेलात वरून ओतायचे. वंजळीत."

वामनरावांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. ती दोघं माणसं बाटल्या गोळा होऊन मिलिंद पुन्हा खाली बसेपर्यंत तसंच बघत राहिली. मी पोत्याला टेकून बसलो. आपण काय झाकायला निघालो होतो ते मला कळलं होतं, आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं हे बरं होतं.

मधल्या सुट्टीत सगळे खेळाडू आत गेले आणि मिलिंद एकटा दोघा राखीव पोरांना घेऊन मैदानात उतरला. ते चेंडू मारत होते, तो अंग टाकून अडवत होता, उठत होता, परत अंग टाकत होता. वामनरावांनी विचारलं, बाकीचे सावलीला गेले, ह्यो कामून राबायलाय? मी तोंड उघडलं. अक्काने भज्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि उत्तर स्वतः दिलं: बाकीच्यांचं काम थांबलं की तेचं सुरू होतंय. एवढ्या कमी शब्दांत मला ते जमलं नसतं.

शेवट जवळ आला. एक-एक बरोबरी होती, पण ते फक्त मला ठाऊक होतं. कॉर्नर आला, गोलपुढे गर्दी झाली, आणि पहिला गोलकीपर हात पोटाशी धरून खाली पडला. उठेना.

इथे मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण सगळ्या अंगणाने बघितलं आहे. मी उडी मारून टाळ्या वाजवल्या. "पडला! आता मिलिंद नक्की!" असं ओरडलो. टाळ्या माझ्या एकट्याच्या. टीव्हीचा आवाज बंद असल्यामुळे त्या फारच स्पष्ट ऐकू गेल्या.

"मानूस पडलाय, सर," अक्का म्हणाली.

पडद्यावर मिलिंद उठला होता. तो जॅकेट काढून तयार होईल असं मला वाटलं. तो लाईनीवर गेला आणि तिथल्या पंचावर ओरडायला लागला. हाताकडे बोट दाखवत, बुटाकडे बोट दाखवत. ज्याच्या बसण्याची एकेक तऱ्हा या लोकांना पाठ होती, त्याला इतकं तोंड उघडून बोलताना कुणी बघितलं नव्हतं. अंगण उभं राहिलं. रेफरी धावत आला आणि त्याने मिलिंदसमोर पिवळं कार्ड धरलं. पडद्यावर खाली त्याचं एकट्याचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, शेजारी पिवळा चौकोन. सीझनभरात पहिल्यांदा.

"हे काय दिलं, सर?" वामनरावांनी विचारलं.

दुपारी मी खरं बोलून बघितलं होतं. म्हणालो, "मान असतो. शेवटच्या मॅचला चांगल्या खेळाडूला देतात."

अंगणात शिट्ट्या वाजल्या. अप्पांनी आतून पेढ्यांचा पुडा आणायला लावला. तो कशासाठी आणून ठेवला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी टीव्हीचे फोटो काढले. त्या गडबडीत पहिला गोलकीपर हाताला पट्टी बांधून उठला आणि खेळायला लागला, मिलिंद पुन्हा खाली बसला, मॅच संपली.

पेढा माझ्या तोंडात असतानाच वामनरावांचा फोन वाजला. सुजाता. इंजिनाच्या आवाजात जन्म गेल्यामुळे वामनरावांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. ड्युटी संपल्यावर तिनेही मॅच बघितली होती. वामनराव तिला म्हणाले, पोराला मान मिळाला.

"कसला मान, बाबा? पिवळं कार्ड म्हंजे ताकीद असती. वाद घातला म्हून दिली."

"सर तर म्हनले…"

"सरांना द्या फोन."

मी चपला शोधायला वाकलो. त्या माझ्या पायातच होत्या.

वामनरावांनी फोन माझ्याकडे दिला नाही, आणि प्रश्नही मला विचारला नाही. अक्काला विचारला, की वाद कशाचा घातला. अक्का बाकड्याकडेच बघत होती, पण तिला कॉर्नरही दिसला होता. समोरच्याने गोलकीपरच्या हातावर बूट दिला आणि पंचाने काणाडोळा केला, असं तिने सांगितलं.

वामनरावांनी खुर्ची अक्काकडे वळवली. "तो पडूनच ऱ्हायला असता, तर खेळलं कोन असतं?"

"आमचा मिलिंद."

"आनि ह्यो तेच्यासाठी भांडायलता?"

"व्हय."

"सर टाळ्या वाजवायलते, तवा?"

"तवाच," अक्का म्हणाली. तिला त्यात जरा जास्तच आनंद झालेला दिसला.

फोनमधून सुजाता म्हणाली, "बाबा, माझं हो हाय. तिथंच सांगून या."

वामनरावांनी फोन खिशात ठेवला, पेढ्यांच्या पुड्यातून एक पेढा उचलला आणि अप्पांच्या तोंडात दिला. म्हणाले, पुढल्या सीझनला खेळू दे न्हाईतर बसू दे, बसून खानाऱ्यातला न्हाई, एवढं बघून झालं. अप्पांनी दुसरा पेढा वामनरावांच्या तोंडात दिला. अंगणातल्या बाया अक्काभोवती गोळा झाल्या आणि तारखेचं बोलायला लागल्या.

जीप निघताना मी दाराशी गेलो. माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं असेल तर, अशी सुरुवात मी केली होती. वामनरावांनी हात वर करून मला थांबवलं.

"सर, तुमी खरं बोललाव तवा बी घोळ, खोटं बोललाव तवा बी घोळ. लग्नाला या. पन नुसतं जेवायला या."